काट्याचा नायटा

आपल्या भाषेतील कित्येक वाक्प्रचार वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांचा मूळचा अर्थ काय असावा, याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'काट्याचा नायटा होणे' हा त्यांपैकीच एक. जावाजावांतील एखादा शब्द वाढत वाढत घराच्या वाटण्यांपर्यंत गेला, किंवा बांधावरील हातभर जागेचा तंटा दिवाणी कोर्टात वीस वर्षे चालला, म्हणजे आपण सहज म्हणून जातो, 'काट्याचा नायटा झाला.' अशा वेळी काटा कोठला व नायटा कोठला, हे कोणी विचारीत नाही. परंतु ज्यांचा शेतीशी, आणि त्यातूनही शेताच्या कुंपणाशी, पिढ्यानपिढ्या संबंध आला आहे, त्यांच्या कानाला हा वाक्प्रचार अक्षरशः खरा लागतो. आमचे घर अशांपैकी असल्यामुळे या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

कृष्णाकाठी, सातारा जिल्ह्यात, आमची थोडी जमीन आहे. भावंडांपैकी बहुतेक नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस पांगली असली तरी वडीलबंधू गावी राहून ती पाहतात, आणि सुट्यांत सारे कुटुंब तेथे जमते. हल्ली तारेचे कुंपण जिकडे तिकडे दिसू लागले आहे; तथापि ओढ्याकडील लांब बाजूस आमच्याकडे अजून काट्यांचेच कुंपण आहे. एकदा नीट बांधले म्हणजे गुरे, शेरडे यांची त्यात तोंड घालण्याची छाती होत नाही. मृगापूर्वी एकदा व रब्बीचे पीक उभे राहिले म्हणजे पुन्हा एकदा ते डागडुजीस काढावे लागते. जुन्या, वाळून मोडलेल्या फांद्या काढायच्या, नव्या तोडून आणायच्या, आकडीने ओढायच्या, एकीत एक गुंतवून पायाने दाबायच्या, आणि घायपाताच्या वाखाने आवळायच्या, असे हे काम असते. या वर्णनावरूनच सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की ज्या हातांनी व ज्या पायांनी कुंपण उभे राहते, त्यांना कुंपणाचा प्रसाद पहिल्याने मिळतो.

काटे सारेच टोचतात. परंतु जवळून पाहणाऱ्यास त्यांचे स्वभाव निरनिराळे दिसतात. बाभळीचा काटा पांढुरका, सरळ आणि लांब; तो वहाणेच्या तळातून आरपार येतो. बोरीला काट्यांची जोडी असते, त्यांतील एक सरळ व दुसरा आकड्यासारखा वाकलेला. सरळ काटा टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. सागरगोटा व चिलार यांच्या वेलांत बाही अडकली म्हणजे माणसाला मागेही जाता येत नाही व पुढेही जाता येत नाही. शिंदीच्या झावळीच्या बुडाशी असणारी पाने सुईसारखी कडक झालेली असतात. ती आत शिरतात आणि टोकाशी मोडतात. घायपाताच्या पानाचे काळे टोक तर दाभणच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून या देशात आणली गेलेली वेडी बाभूळ आता ओढ्याकाठी इतकी माजली आहे की कुंपणासाठी फुकट फांद्या म्हणून लोक तिच्यावरच हात टाकतात. तिचा काटा लागला म्हणजे जागा दोन-दोन दिवस ठणकत राहते.

फड्या निवडुंगाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे मोठे काटे दिसतात, म्हणून त्यांपासून माणूस जपतो. पण त्यांच्या बुडाशी केसासारख्या बारीक कुसळांचे झुबके असतात, ते हाताला लागल्याचे कळतसुद्धा नाही, आणि मग चार दिवस बोटांची आग होते. एके काळी या निवडुंगाने आपल्या देशातील पुष्कळ जमीन गिळली होती. 1926 साली लंकेहून आणलेल्या एका जातीच्या कोशिनील किड्याने त्याचा मोठा भाग खाऊन फस्त केला, तेव्हा कोठे त्याचा जोर ओसरला. असो.

आता कोणी म्हणेल, काटा लागला तर काढून टाकावा. त्यात लिहिण्यासारखे ते काय? नेमकी हीच समजूत सर्व अनर्थाचे मूळ आहे. कोयता लागून बोट कापले म्हणजे रक्ताची धार लागते, घरात धावपळ होते, दवाखाना गाठला जातो. त्या जखमेचे तोंड उघडे असते, वाहत्या रक्ताबरोबर घाणही थोडी बाहेर पडते, आणि डॉक्टरांना ती तळापर्यंत धुता येते. काट्याच्या जखमेचा सारा प्रकार याच्या उलट. तोंड मोहरीएवढे, खोली मात्र बोटाच्या पेराएवढीही असू शकते. रक्ताचा एखादा थेंब येतो आणि कातडी मिटते. वरून पाहणाऱ्याला वाटते, जखम बुजली. खरे पाहता मातीचा कण, शेणाचा अंश आणि काट्याची साल ही सर्व आत, जेथे हवा पोचत नाही अशा जागी, बंद करून ठेवली गेलेली असतात. दार लावून घेतलेल्या घरात चोर राहावा, तसाच हा प्रकार आहे.

धनुर्वाताच्या जंतूला अशीच जागा लागते. हा जंतू बीजरूपाने मातीत व जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. हवा नसलेल्या मृत मांसात पोचला म्हणजे जागा होतो, आणि आपले विष मज्जातंतूंवाटे पसरवितो. मातीतून हा रोग होतो हे 1884 साली निकोलायर या जर्मन संशोधकाने जनावरांवर दाखविले. 1889 साली जपानचे कितासातो यांनी बर्लिन येथे तो जंतू वेगळा करून वाढविला. आणि पुढल्याच वर्षी बेहरिंग यांच्यासह त्यांनी त्या विषावरील उतारा रक्तातच तयार होऊ शकतो हे सिद्ध केले. पुढे 1920 नंतरच्या दशकात विषाचा विषारीपणा काढून केलेली लस निघाली. शास्त्राचा हा इतिहास मोठा उज्ज्वल आहे. परंतु शास्त्रातील शोध आणि खेड्यातील माणूस यांमध्ये अंतर केवढे असते, हे आमच्या घरातील एका मृत्यूने दाखवून दिले आहे.

1938 सालची ही हकीकत आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलेली. त्यांचे धाकटे भाऊ त्या वेळी बावीस वर्षांचे. मार्गशीर्षात हरभऱ्याच्या शेताला कुंपण घालताना त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तो त्यांनी स्वतःच काढला, वर शेण-मातीचा लेप दिला, आणि संध्याकाळी ते हसतखेळत जेवावयास बसले. आठव्या दिवशी भाकरीचा घास चावताना जबडा आखडल्यासारखा वाटू लागला. घरच्यांस वाटले, दाढ दुखत असेल. नवव्या दिवशी दातखीळ बसली. पुढे नुसते दार वाजले तरी सारे अंग धनुष्यासारखे ताणले जाई; शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती. सातारहून डॉक्टर येईपर्यंत सर्व आटोपले. तोपर्यंत टाचेची जखम पार बरी झाली होती, आणि नेमके तिचेच नाव निघाले तेव्हा कोणाचा त्यावर विश्वास बसेना, असे आजोबा सांगत. त्यांच्या हयातीत आमच्या घरात 'काटाच तर आहे' हे शब्द उच्चारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

आज हा रोग पुष्कळच मागे हटला आहे. 1985 साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरणाने आणि गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लशीने केवढा पालट घडविला पाहा: बाळंतिणी व नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, तसा धनुर्वात नाहीसा होणार नाही, कारण त्याचे बीज माणसात नसून मातीत आहे. शेजाऱ्यांनी लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. ज्याची त्यानेच घ्यावी लागते. लहानपणी घेतलेल्या लशीचे बळही कालांतराने ओसरते. आमच्या घरातील मुलांच्या लशींची टिपणे व्यवस्थित ठेवलेली असतात; पण पन्नाशी उलटलेल्या वडीलधाऱ्यांना 'आपण शेवटची लस केव्हा घेतली?' असे विचारले, तर बहुतेक सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आणि बागेत, परसात, शेतात हौसेने हात घालणारे तेच असतात!

आपल्या पूर्वजांना या विषयाचे महत्त्व पटले नव्हते असे मात्र नाही. शस्त्रक्रियेला आपण शल्यचिकित्सा म्हणतो. शल्य म्हणजे शरीरात शिरून सलणारी परकी वस्तू, मग ती बाणाचे टोक असो की काटा असो. म्हणजे एका संपूर्ण शास्त्राचे नावच आत राहिलेल्या वस्तूवरून पडले आहे! सुश्रुतसंहितेत शल्य शोधण्याचे व काढण्याचे प्रकार विस्ताराने दिले असून, एकशे एक यंत्रे व वीस शस्त्रे वर्णिली आहेत. त्यांतील संदंश यंत्र कातडी, मांस, शिरा यांतील शल्य ओढून काढण्यासाठी सांगितले आहे. आमच्या स्वयंपाकघरातील सांडशी ही त्याच शब्दाची लेक. वाचकभगिनींनी चुलीवरचे पातेले उतरविताना कधी काळी हे आठवावे, एवढ्याचसाठी हा उल्लेख.

आत राहिलेले शल्य किती दिवस गप्प बसू शकते, याचे उदाहरण आमच्या धाकट्या काकूंचे. पूजेसाठी कुंपणाकडेच्या कण्हेरीची फुले वेचताना त्या वाकल्या, आणि खाली पडलेल्या वाळक्या शिंदीच्या झावळीवर त्यांचा गुडघा टेकला. काटा त्यांनी तेथल्या तेथे उपटून टाकला. दोन-चार दिवस दुखले, मग थांबले. महिन्या-दीड महिन्याने गुडघा सुजू लागला. वय साठीच्या घरात, तेव्हा 'सांधेदुखी, दुसरे काय' असे सर्वांनी ठरविले. लेप झाले, शेक झाले, गोळ्या झाल्या. क्ष-किरणांचे चित्र काढले, त्यात काही दिसले नाही. सूज कमी होई आणि पुन्हा येई. अशा स्थितीत आठ महिने गेले. दिवाळीस सारे जमले असता, नुकतीच डॉक्टर झालेली आमची सून त्यांच्या पायाशी बसून गुडघा चाचपीत होती. तिने विचारले, "काकू, या गुडघ्याला कधी काही टोचले-बिचले होते का हो?"

काकू म्हणाल्या, "अगं, शिंदीचा काटा लागला होता खरा, पण त्याला झाले की आता आठ-नऊ महिने. आणि तो मी तेव्हाच काढून टाकला."

"काढला तो सबंध होता का, पाहिलेत?"

या प्रश्नाला काकूंपाशी उत्तर नव्हते, कोणाहीपाशी नसते. लाकूड, काटा, पान यांची सावली क्ष-किरणांच्या चित्रात बहुधा पडत नाही. ध्वनिलहरींच्या तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीत, ती पुष्कळदा सापडते. सुनेने ती करविली. सांध्याच्या अस्तरात जवाच्या दाण्याएवढे टोक रुतून बसले होते. शस्त्रक्रियेने ते काढले, सुजलेले अस्तर साफ केले, आणि काकू पुढल्या चैत्रात हळदीकुंकवाला आपल्या पायांनी चालत फिरल्या. काटा जेथे सांध्याजवळ लागतो, विशेषतः गुडघा, बोटांची पेरे, मनगट, घोटा येथे, तेथे हा धोका असतो. अशा सांध्याला पुढे केव्हाही सूज आली, तर डॉक्टरांना तो काटा आठवणीने सांगावा. कारण रोग ओळखण्याची किल्ली रोग्याच्या आठवणीत असते, आणि विचारल्यावाचून ती बाहेर पडत नाही.

आता ज्या प्रकाराने आम्हांस हा लेख लिहावयास प्रवृत्त केले, त्याकडे वळतो. आमच्या भागात कुंपण बांधण्यात हातखंडा असलेला एक गृहस्थ होता. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. आमच्या शेताचे व आसपासच्या आठ-दहा शेतांचे कुंपण तीस वर्षे त्याच्याच हातचे. पाय बहुधा अनवाणी. त्याच्या करगोट्याला एक लहान चिमटा लटकत असे, आणि लोकांच्या पायातील काटे तो इतक्या हलक्या हाताने काढी की मुले त्याच्याच कडे धाव घेत. त्याच्या स्वतःच्या पायात किती काटे मोडले असतील याची गणती नाही. उजव्या तळपायावर एक गाठ आली होती. ती वाढत गेली, पाऊल जाड झाले, वर लहान लहान तोंडे पडून त्यांतून पाण्यासारखा स्राव व खसखशीसारखे काळे कण येऊ लागले. तो त्यावर चिंधी गुंडाळून काम करीत राहिला. वडीलबंधूंच्या ते दृष्टीस पडले, तेव्हा त्यांनी विचारले, "अहो बाबा, हे केव्हापासून? दाखवले का नाही कोणाला?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "दुखतच न्हाई दादा, मग दावायचं काय?"

या एका वाक्यात त्या रोगाचे सारे क्रौर्य साठविलेले आहे. दुखणे हा शरीराचा पहारेकरी. हा रोग त्या पहारेकऱ्याला न जागविता घरात शिरतो. त्याला मायसेटोमा अथवा मदुरा पाद म्हणतात. मदुरा येथे 1842 साली गिल नावाच्या डॉक्टराने त्याची नोंद केली, म्हणून हे नाव; आणि 1860 साली मायसेटोमा हे शास्त्रीय नाव देऊन तो बुरशीपासून होतो असे प्रतिपादन केले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकविणारे डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा परिचित ग्रंथ जो 'ग्रेज अ‍ॅनाटमी', त्याच्या 1858 सालच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे याच कार्टरांच्या हातची. पुढे ते आमच्या साताऱ्यासही सिव्हिल सर्जन होते. 1874 साली त्यांनी या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज आपणांस ठाऊक आहे की याचे दोन प्रकार आहेत: एक खऱ्या बुरशीचा, दुसरा बुरशीसारख्या तंतू काढणाऱ्या जंतूंचा. दुसऱ्यावर जंतुनाशक औषधांचा चांगला गुण येतो. पहिल्यास मात्र महिनेच्या महिने औषध, आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. दोहोंचे बीज मातीत व काट्यांवर असते, आणि अनवाणी पायातील जखमेवाटे ते आत जाते. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. कार्टरांच्या शोधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी! ज्यांना तो होतो ती माणसे उपेक्षित, म्हणून रोगही उपेक्षित, याहून दुसरे कारण आम्हांस दिसत नाही.

आमच्या त्या गृहस्थाला शहरातील मोठ्या इस्पितळात नेले, तोपर्यंत रोग हाडात उतरला होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पाऊल बसविले आहे. तो हिंडतो-फिरतो, पण कुंपणाचे काम सुटले ते सुटले. वडीलबंधू दरमहा त्याच्या घरी रोजाचे पैसे पोचते करतात. कोणी याला औदार्य म्हणू लागले तर ते त्यास थांबवितात. "कुंपण आपले होते," एवढेच ते म्हणतात.

याच जातीचा दुसरा एक रोग गुलाबाच्या बागा करणाऱ्यांस ओळखीचा असावा. 1898 साली अमेरिकेत शेंक नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्याचे वर्णन केले, आणि स्पोरोट्रिकोसिस असे त्याचे लांबलचक नाव आहे. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याकडील प्रदेशात तो विशेष आढळतो. काटा लागल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ येते, ती फुटते, आणि मग हातावर वरच्या दिशेने एकामागून एक गाठी, मण्यांच्या माळेसारख्या, उठत जातात. साध्या जंतुनाशक औषधांनी गुण येत नाही. बुरशीवरील औषध काही महिने घ्यावे लागते. आता वाचकांनी पुन्हा आपल्या वाक्प्रचाराकडे पाहावे. कातडीवरील साधा नायटा काट्यापासून होत नाही हे खरे. परंतु नायटाही बुरशीचाच रोग आहे, आणि काट्याच्या जखमेतून शिरून हळूहळू पसरणारे बुरशीचे रोग आहेत हेही खरे. ज्या कोणा अनामिक शेतकऱ्याने प्रथम 'काट्याचा नायटा' म्हटले, त्याने आपल्या डोळ्यांनी काही पाहिले असले पाहिजे.

डोळ्यांवरून आठवले. वाकवून धरलेली फांदी सुटून तोंडावर येणे हा कुंपणाच्या कामातील नित्याचा अपघात. बुबुळावर नुसता ओरखडा उठला तरी त्यात बुरशी रुजून फूल पडू शकते व दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी घरात पडून राहिलेली जुनी थेंबांची बाटली कदापि वापरू नये. त्यांत स्टेरॉइड असले तर बुरशीला रान मोकळे मिळते. शेराचा, निवडुंगाचा किंवा रुईचा चीक डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रवैद्यांना दाखवावे.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. काटा वर यावा म्हणून रुईचा चीक, गुळाचा चटका, बिब्ब्याचा डाग, शेण-मातीचा लेप हे प्रकार आमच्याही घरात एके काळी चालत असत. ज्या काळी डॉक्टर दहा कोसांवर असे, त्या काळी लोकांनी हाताशी होते ते केले. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पण बिब्ब्याने कातडी फोडून येते व एका जखमेच्या दोन होतात. चिकाने आग होते. आणि शेण-माती लावणे म्हणजे ज्याला बाहेर ठेवावयाचे त्यालाच पाट मांडून बसविणे होय. जुन्यातील जे ग्राह्य ते आम्ही खुशाल ठेवतो. पण आजीचा चिमटा ठेवावा आणि आजीचा बिब्बा सोडावा, असा आमचा कौल आहे.

काटा लागल्यावर करावयाचे ते फार अवघड नाही. प्रथम काढणाऱ्याने आपले हात व मग जखम साबण-पाण्याने धुवावी. चिमटा व सुई पाण्यात उकळून घ्यावी. काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने ओढावा; आडवा ओढल्यास तो मोडतो. दाबून, पिळून किंवा दातांनी धरून काढू नये. लाकडी काटा आत असता पाय पाण्यात फार वेळ भिजत ठेवू नये, कारण काटा फुगतो व ठिसूळ होतो. काढल्यावर तो उजेडात धरून टोक शाबूत आहे की नाही हे पाहावे. निवडुंगाच्या कुसळांवर चिकटपट्टी लावून ओढल्यास बरीचशी निघतात, उरलेली चिमट्याने काढावी. नंतर वाहत्या पाण्याने जखम पुन्हा धुवावी व कोरडे, स्वच्छ फडके बांधावे. खोल गेलेला, मोडलेला, सांध्यातील, डोळ्यातील वा नखाखालचा काटा घरी उकरू नये. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या लशीस पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा लस घ्यावी. एरवीही दर दहा वर्षांनी घेत जावी. पूर्वी लस झाली की नाही हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे ते पुढील सर्व टोचण्या योजतील.

पुढील लक्षणे दिसताच मात्र वेळ दवडू नये: लाली पसरत जाणे, हातापायावर वर चढणारी तांबडी रेघ, ताप, पू, बोट वाकलेलेच राहणे व सरळ करताना असह्य कळ येणे, जबडा आखडणे. उलट, दोन-तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम किंवा न दुखणारी गाठ असेल, तर ती दुखत नाही म्हणूनच दाखवावी. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, काटा शिरल्याचे त्यांना कळतच नाही. यास्तव रात्री निजण्यापूर्वी त्यांचे तळवे कोणी तरी पाहावेत. एकत्र कुटुंबात पाहणाऱ्या डोळ्यांचा तोटा नसतो, हा त्याचा एक मोठा लाभच म्हणावयाचा.

आमच्या शेतावर आता एक पेटी ठेवलेली आहे. तीत साबण, स्वच्छ पाण्याची बाटली, चिमटा, भिंग, सुया, पट्ट्या असतात. शेजारी खुंटीला चामड्याचे हातमोजे, डोळ्यांचे चष्मे व जाड तळाचे बूट टांगलेले असतात. ते घातल्यावाचून कुंपणाला कोणी हात लावावयाचा नाही, मग तो घरचा असो की रोजाने आलेला असो, असा वडीलबंधूंचा शिरस्ता आहे. यांचा सारा खर्च तारेच्या एका गुंडाळीहून जास्त झाला नाही. सुरुवातीस लोक हसले. बूट घालून काट्यावर पाय देण्यात काय मर्दुमकी, असे म्हणाले. बांधावर येऊन बसणारा तो आमचा जुना कुंपणकरी हसला नाही. नवा गडी आला म्हणजे तो काठीने खुंटीकडे बोट दाखवितो, आणि बूट चढविल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देत नाही.

कुंपण आपण घालतो ते आपल्या पिकाच्या रक्षणासाठी. परंतु कुंपणाच्या आत जे पिकते, त्यावर कुंपणाबाहेर राबलेल्या हातापायांचाही हक्क असतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांची गावी शेती असेल, कित्येकांनी अलीकडे शहराबाहेर हौसेने लहानशी जमीन घेतली असेल, काहींच्या दारी नुसता गुलाबाचा ताटवा असेल. त्या साऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे की, पुढल्या खेपेस कोणी 'काही नाही, काटाच आहे' असे म्हणाला, तर तो घरचा की बाहेरचा हे न पाहता त्याला बसवावे, पाय उजेडात घ्यावा, आणि सबंध काटा निघाल्याची खात्री झाल्यावरच त्याला उठू द्यावे.